ऑइल वाढते आहे, धूर येतो आहे : नोझल बदलायचे की इंजिन उघडायचे?

हर्णैच्या एका तरुण नौकामालकाचे पत्र आले आहे. ते लिहितात : ‘माझ्या ट्रॉलरला सहा सिलिंडरचे, जुन्या पद्धतीच्या पंपाचे डिझेल इंजिन आहे. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात नौका आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवली होती; टाकी तेव्हा निम्मी भरलेली होती. एरवी डिझेल कॅनमधून छोट्या होडीने नेऊन टाकीत ओततो. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू केल्यापासून सकाळी सेल्फ फार वेळ मारावा लागतो, इंजिन चालू झाल्यावर डोळे झोंबणारा पांढरा धूर येतो आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका येतो. गरम झाल्यावर आवाज दबतो, पण जाळे ओढताना काळा धूर निघतो आणि फेरीला डिझेल जास्त लागते. वडिलांच्या वेळेपासून इंजिन सांभाळणारे मिस्त्रीकाका म्हणतात, सहाही नोझल बदला आणि पंप रत्नागिरीला पाठवा. शेजारचे नाखवा म्हणतात, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेली आहे, इंजिन उघडा. आणखी एक जण क्लीनरची बाटली टाकायला सांगतो. विचित्र गोष्ट म्हणजे ऑइल भरलेले नसताना ते मोजण्याच्या पट्टीवर वाढलेले दिसते. हंगाम वाया जाऊ द्यायचा नाही आणि काकांना दुखवायचेही नाही. काय करावे? शिवाय मासळी वाहण्यासाठी चुलतभावाने घेतलेली कॉमन रेल पिकअपही सकाळी धूर सोडते. तिलाही हीच तपासणी चालेल का?’

सप्रेम नमस्कार.

पत्रात जी गोष्ट तुम्ही ‘विचित्र’ म्हणून शेवटी ओझरती लिहिली आहे, तिथूनच सुरुवात करायला हवी. भरलेले नसताना ऑइल पट्टीवर वाढत असेल, तर त्यात बाहेरून काहीतरी येते आहे, आणि ते एक तर डिझेल असणार किंवा पाणी. याचा उलगडा होईपर्यंत नौका समुद्रात नेऊ नका, अगदी एका फेरीसाठीही नाही. डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते, बेअरिंगवर हवा तेवढा थर धरत नाही, आणि ऑइलच्या दाबाचा काटा खाली आलेला तुमच्या खलाशाच्या लक्षात येईपर्यंत क्रँकच्या बेअरिंगचे व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. नोझलचा खर्च आणि क्रँक काढून ग्राइंडिंगला देण्याचा खर्च यांतला फरक मिस्त्रीकाका तुम्हाला नीट सांगतील.

पट्टीवरचा एक थेंब दोन बोटांत चोळून त्याचा वास घ्या आणि दुसरा थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून तासभर तसाच ठेवा. निव्वळ वापरलेल्या ऑइलचा डाग बराचसा जागीच दाट राहतो. डिझेल मिसळलेले असेल तर काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडे रुंद पसरते. ऑइल दुधाळ दिसले तर ते पाणी आहे. मग ऑइल कूलर आणि हेड गॅस्केट यांच्याकडे वळावे लागेल आणि पुढचे बरेचसे लिखाण तुमच्या उपयोगाचे राहणार नाही. तुमची बाकीची लक्षणे पाहता मला डिझेलचीच शक्यता अधिक वाटते. तसे निघाले तर तपासणीसाठी इंजिन चालू करण्यापूर्वीच ते ऑइल काढून, योग्य ग्रेडचे दुसरे ऑइल भरा. दुरुस्तीनंतर ते फिल्टरसह पुन्हा बदलावे लागेल; हा दुहेरी खर्च टाळू नका.

आता तुमच्या तक्रारी एकाच दोषातून कशा निघू शकतात ते पाहू. तुमच्या प्रकारच्या इंजिनात पंप डिझेलला दाब देतो. तो दाब ठरलेल्या पातळीला पोहोचला की इंजेक्टरमधली सुई स्प्रिंगच्या विरोधात उचलली जाते, नोझलच्या टोकावरच्या बारीक भोकांमधून डिझेलचे धुके सिलिंडरमध्ये जाते, आणि दाब उतरताच सुई पुन्हा आपल्या सीटवर बसून वाट बंद करते. अशा इंजिनांत सुई उचलण्याचा दाब बहुधा १७५ ते २५० बारच्या दरम्यान असतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत मिळेल. सुई आणि तिचे घर यांच्यातली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणून तिथे गंजाचा किंवा घाणीचा कणही खपत नाही. सीटवर गंजाचा खड्डा पडला किंवा सुई अडकू लागली की धुक्याऐवजी धार जाते आणि धार संपल्यावर थेंब गळत राहतो. थंड सिलिंडरमध्ये हे डिझेल वेळेवर जळत नाही, ते पांढऱ्या धुरातून बाहेर पडते आणि डोळ्यांना झोंबते. त्यातले काही लायनरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. साचलेले डिझेल एकदम पेट घेते तेव्हा तुम्हाला ऐकू येतो तो ठोका बसतो. इंजिन तापल्यावर हीच धार कशीबशी जळते, म्हणून आवाज दबतो. परंतु जाळे ओढताना डिझेलचे प्रमाण वाढले की ती पुरती जळत नाही आणि काळा धूर निघतो.

लक्षणे इतकी जुळली तरी दोष सिद्ध होत नाही. ऑइलमध्ये डिझेल येण्याचा दुसरा रस्ता पंपातून जातो : लाइन पंपाचे एलिमेंट (प्रत्येक सिलिंडरसाठी दाब देणारी दट्ट्याची जोडी) किंवा त्याला जोडलेला, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप झिजला असेल, तर डिझेल पंपाच्या कॅमच्या पेटीत उतरते आणि ज्या इंजिनांत त्या पेटीला इंजिनाचेच ऑइल मिळते, तिथे ते सरळ खालच्या चेंबरमध्ये जाते. ऑइल वाढते पण ठोका नाही, सकाळचा धूर नाही, असे असते तर मी आधी पंपाकडे बोट दाखवले असते. तुमच्याकडे ठोकाही आहे आणि धूरही आहे, म्हणून आधी नोझल.

शेजारच्या नाखवांचे म्हणणे मला पटत नाही. बोअर आणि रिंगा गेल्या की इंजिन ऑइल पिऊ लागते, धुरावर निळी झाक येते आणि ऑइल भरण्याचे तोंड उघडून पाहिले असता आतून धूर फुसफुसत बाहेर येतो. आत येणारे डिझेल जाणाऱ्या ऑइलची तूट झाकू शकते, त्यामुळे पट्टीवरून ही शक्यता पूर्ण खोडता येत नाही, हे खरे. पण इंजिन तापल्यावर तोंड उघडून पाहण्याला दोन मिनिटे लागतात आणि इंजिन उघडण्याला हंगामाचा मोठा तुकडा जातो. आधी काय करायचे हे उघड आहे.

काळा धूर मात्र एकट्या नोझलच्या नावावर टाकू नका. डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही किंवा इंजिनावर नेहमीपेक्षा अधिक भार आला तरी चांगले नोझलसुद्धा काळा धूर देते. दोन महिने खाडीत उभ्या राहिलेल्या नौकेच्या तळाला शिंपल्या धरल्या असतील, पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळ्याचा दोर अडकला असेल, किंवा पाऊस आत येऊ नये म्हणून इंजिनखोलीची हवेची वाट ताडपत्रीने बंद केलेली असेल, तर नोझलवर कितीही पैसे खर्च केले तरी जाळे ओढताना धूर येतच राहील. ओहोटीला नौका टेकलेली असताना तळ आणि पंखा पाहून घ्या, एअर फिल्टर उघडून बघा, आणि पुढे चला.

यापुढचे काम पान्याचे नाही, बाटलीचे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा उगम तिथे सापडेल. निम्मी रिकामी टाकी पावसाळ्याचे दोन महिने खाडीत उभी राहते तेव्हा रिकाम्या भागातल्या दमट हवेतले पाणी रात्रीच्या गारव्याला पत्र्यावर धरते आणि डिझेलखाली जाऊन बसते. डेकवरच्या तोंडाचे झाकण ढिले असेल तर पावसाचे आणि लाटेचे पाणी आत उतरते. कॅनमधून ओतताना हलत्या होडीत काय काय आत जाते ते तुम्ही रोज पाहता. पाण्याने सुईची सीट गंजते. तापलेल्या नोझलच्या टोकात पाण्याची वाफ झाली तर टोकाचा तुकडासुद्धा उडू शकतो. नौका रात्रभर स्थिर राहिली असेल अशा पहाटे, इंजिन चालू करण्यापूर्वी, टाकीच्या तळाच्या कॉकमधून काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर डिझेल काढा. कॉक नसेल तर तळापर्यंत जाईल अशी नळी सोडून हातपंपाने ओढा. बाटली घरी नेऊन रात्रभर हलवू नका. खाली पाण्याचा थर दिसेल आणि कदाचित पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काळपट बुळबुळीत पडदाही दिसेल. तो सूक्ष्मजीवांचा असतो, ते पाण्यात राहतात आणि डिझेलवर जगतात, आणि तोच पुढे फिल्टर तुंबवतो. बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब स्टीलच्या ताटलीवर उन्हात वाळवा. पांढरी मिठाची कडा उरली तर पाणी समुद्राचे आहे, म्हणजे डेकवरचे झाकण किंवा टाकीच्या हवेच्या नळीचे तोंड तपासायला हवे. काहीच उरले नाही तर ते पावसाचे किंवा हवेतले. फिल्टरखालच्या पाणी वेगळे करणाऱ्या वाटीतही तोच पुरावा मिळेल.

बाटलीत पाणी निघाले तर टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, दोन्ही फिल्टर बदलल्याशिवाय नव्या नोझलला हात लावू नका. नवे नोझल जुन्या पाण्यावर चालवले तर ते त्याच वाटेने जाईल, आणि मग नोझल नकली होते, दुकानदाराने फसवले, असे वाद सुरू होतील.

डिझेल निर्मळ झाल्यावर लाइनमध्ये हवा राहिलेली नाही याची खात्री करा, कारण हवा धरलेले इंजिनही असेच चाचपडत चालू होते आणि मिस मारते. आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा स्क्रू ढिला करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. फीड पंपाच्या आधीच्या नळीच्या जोडातून हवा आत ओढली जाते, पण त्या जोडातून डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून तो जोड नजरेतून सुटतो.

आता दोषी सिलिंडर शोधण्याची चाचणी. ती सकाळी, इंजिन रात्रभर थंड राहिलेले असताना करा. ही गोष्ट अनेक जण चुकवतात : इंजिन तापवून, मग निवांतपणे चाचणीला बसतात, आणि ज्या ठोक्याचा शोध घ्यायचा तो तोपर्यंत निघून गेलेला असतो. आदल्या संध्याकाळीच सहाही सिलिंडरांना खडूने क्रमांक घाला, पाईपनटांभोवतीची जागा ब्रशने आणि डिझेलने स्वच्छ करा, नटाला नीट बसणारा पाना काढून ठेवा आणि खाली चिंध्या अंथरा. चष्मा घाला. इंजिन चालू करून आयडलिंगपेक्षा किंचित वर ठेवा आणि पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरवरचा पाईपनट चिंधी गुंडाळून अर्धा ते एक आटा ढिला करा. डिझेल नटाभोवती बाहेर येऊ लागेल आणि त्या सिलिंडरचे काम थांबेल. आता कान द्या. फेरे पडले आणि इंजिन लंगडू लागले तर तो सिलिंडर आपले काम करत होता. नट आवळा आणि पुढच्याकडे जा. नट ढिला करूनही आवाजात आणि फेऱ्यांत काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीपासूनच बसलेला होता. आणि नट ढिला होताच ठोका नाहीसा झाला, धूर विरळ झाला, तर तुमचा शोध जवळपास संपला. एखाद्याला एक्झॉस्टच्या तोंडाजवळ धूर बघायला उभे करा. एकट्याने दोन्हीकडे लक्ष राहत नाही. एक सापडला म्हणून थांबू नका, सहाही करा, कारण ज्या पाण्याने एक नोझल खाल्ले त्याने दुसरेही चाखलेले असण्याचा संभव आहे.

ही चाचणी मन लावून केली तर आणखी एक गोष्ट कळते. चालू इंजिनावर पंपाकडून येणाऱ्या प्रत्येक दाबाच्या पाईपला बोट लावून पाहा : निरोगी पाईपमध्ये ठोका टणक आणि नेमका लागतो, अडकलेल्या नोझलच्या पाईपमध्ये तो अधिक जोराचा लागतो, आणि ज्याची सुई उघडीच राहते किंवा ज्याचे एलिमेंट कमजोर आहे तिथे तो मऊ व अस्पष्ट लागतो. मिस्त्रीकाकांच्या बोटांना हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगले कळेल. त्यांनाच हात लावायला सांगा. एक्झॉस्टच्या तोंडांवर तापमापक रोखून थंड सिलिंडर शोधण्याची युक्ती गाड्यांवर उत्तम चालते, परंतु नौकेच्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बहुधा पाण्याचे आवरण असते आणि त्यामुळे सगळीकडे साधारण सारखेच तापमान दिसते. त्या आकड्यावर विसंबू नका.

समजा, तिसरा सिलिंडर दोषी ठरला. तरीही नवे नोझल आणायला लगेच धावू नका. तिसऱ्याचा इंजेक्टर काढून पाचव्यात आणि पाचव्याचा तिसऱ्यात बसवा, तांब्याचे वॉशर नवे घाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच चाचणी करा. ठोका आणि धूर पाचव्यात गेला तर इंजेक्टर दोषी आहे. ते तिसऱ्यातच राहिले तर इंजेक्टर निर्दोष आहे, आणि संशय तिसऱ्याच्या पंप एलिमेंटवर, डिलिव्हरी वॉल्व्हवर किंवा सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर जातो. डिलिव्हरी वॉल्व्हची गोष्ट विशेष लक्षात ठेवा : इंजेक्शन संपताच पाईपमधला दाब झटकन उतरवण्याचे काम त्याचे असते, आणि ते नीट झाले नाही तर अगदी नवे नोझलही गळू लागते. नोझल बदलूनही धूर गेला नाही अशी तक्रार ऐकली की मला प्रथम या वॉल्व्हची आठवण होते. एका दिवसाचा हा अदलाबदलीचा उद्योग कंटाळवाणा वाटेल, पण सहा नोझल आणि पंपाचे बिल एकत्र देण्यापेक्षा तो स्वस्त आहे.

इंजेक्टर काढताना खाऱ्या हवेचा हिशेब ठेवावा लागतो. किनाऱ्यावरच्या इंजिनांत ते हेडमध्ये गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, आणि पहार लावून उचकटू नका. बाहेर आलेल्या इंजेक्टरच्या टोकाकडे आणि त्याच्या वॉशरकडे नीट पाहा. टोक ओले, काळे आणि चिकट असेल तर ते गळत होते. बाजूने डांबरासारखा काळा थर वर चढलेला असेल तर वॉशरमधून गॅस निसटत होता, आणि मग चालू इंजिनावर तिथे फुसफुस ऐकू आली असणार. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुना वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून राहिला नाही ना, हे टॉर्च लावून पाहा. तो राहून गेला आणि त्यावर दुसरा वॉशर बसला तर नोझलचे टोक सिलिंडरमध्ये पाहिजे तितके उतरत नाही, फवारा चुकीच्या ठिकाणी पडतो, आणि निर्दोष नोझल धूर देते. उघडी तोंडे लगेच झाकून ठेवा. समुद्रकिनारी वाळूचा कण कुठून येईल सांगता येत नाही.

सहाही इंजेक्टर पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे, मग तो दापोलीचा असो, चिपळूणचा असो की रत्नागिरीचा, स्वतः घेऊन जा आणि टेस्टरवर लावताना तिथे उभे राहा. हाताने दांडा मारल्यावर काटा कोणत्या आकड्यावर जातो आणि फवारा कधी सुटतो, हा उघडण्याचा दाब. सहाही इंजेक्टरांचा हा आकडा पुस्तिकेशी आणि एकमेकांशी जुळला पाहिजे. नंतर दाब त्या आकड्याच्या दहा-वीस बार खाली धरून दहा सेकंद ठेवायला सांगा. टोकावर थेंब धरून खाली पडला तर सीट गेली आहे, आणि तुमच्या बाबतीत निकाल देणारी चाचणी हीच आहे. भरभर दांडा मारल्यावर सगळ्या भोकांतून सारखे धुके निघाले पाहिजे. एका बाजूने सरळ धार गेली किंवा एखादे भोक बंद राहिले तर तेही पुरेसे कारण आहे. चांगले नोझल फवारताना करकरते. मुकाट धार सोडणारे नोझल संशयास्पद समजावे. आणि फवाऱ्यापुढे हात धरू नका, तिथल्या कोणालाही धरू देऊ नका. त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, आणि आत हाताचे मोठे नुकसान होते. तसे घडले तर मलम लावून थांबू नये, त्याच तासात रुग्णालय गाठावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

जे इंजेक्टर नापास होतील ते संपूर्ण बदलण्याची बहुधा गरज नसते. होल्डर आणि स्प्रिंग ठीक असेल तर खालचे नोझल तेवढे बदलून शिमने किंवा स्क्रूने दाब लावून घेता येतो. सुई आणि तिचे घर ही जोडी एकमेकांशी घासून जुळवलेली असते, त्यामुळे एकाची सुई दुसऱ्यात घालू देऊ नका. जुन्या नोझलवर कोरलेला क्रमांक टिपून घ्या आणि त्याच क्रमांकाचे नवे मागा. दिसायला सारख्या नोझलांत भोकांची संख्या आणि कोन वेगळे असतात. कोकणातले मिस्त्री आजही त्यांना ‘मायको’च म्हणतात, जरी त्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले. नाव कोणतेही असो, पावतीवर क्रमांक लिहून घ्या आणि जुनी नोझल परत मागा.

यावरून मिस्त्रीकाकांच्या सल्ल्याविषयी माझे मत तुमच्या लक्षात आले असेल. त्यांनी दोषाची जागा बरोबर ओळखली आहे. फक्त सहाच्या सहा बदलणे आणि पंप पाठवणे हे तपासणीआधी ठरवले आहे. तपासणीत चार नापास झाले तर उरलेली दोनही बदलून टाका, त्यात वाद नाही. पंप मात्र तेव्हाच काढा, जेव्हा अदलाबदलीनंतर दोष जागचा हलत नाही, किंवा चांगली नोझल लावूनही ऑइलमध्ये डिझेल येत राहते. कारण पंप काढला की टायमिंग पुन्हा लावणे आले. काकांना हे तुम्ही कागद हातात धरून सांगू नका. ‘काका, कुठल्या सिलिंडरचा ठोका आहे ते उद्या सकाळी थंड इंजिनावर ऐकूया, पाना तुम्ही धरा, मी धुराकडे बघतो,’ एवढे म्हटले तर पुरते. ज्याने तुमच्या वडिलांचे इंजिन इतकी वर्षे चालते ठेवले, त्याला ही चाचणी नवी नसणार. घाईच्या हंगामात ती करण्याची उसंत मालक देत नाहीत, हेच बहुधा खरे कारण असते.

क्लीनरच्या बाटलीविषयी थोडक्यात : नोझलच्या टोकावर हलका कार्बन असेल तर क्लीनरने थोडा फरक पडू शकेल, पण गंजलेली सीट बाटलीने भरून येत नाही, आणि तुमच्याकडे तर ऑइल वाढते आहे. कोणी तुम्हाला असेही सांगेल की नव्या डिझेलमध्ये गंधक नाही म्हणून जुने पंप कोरडे पडतात, तेव्हा त्यात टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचे) ऑइल मिसळा. भारत स्टेज ६ चे डिझेल १ एप्रिल २०२० पासून देशभर आले आणि त्यात गंधकाची मर्यादा १० पीपीएमवर आणली हे खरे आहे. परंतु त्याच डिझेलच्या मानकात वंगणक्षमतेचीही अट आहे, आणि ती पुरी करूनच डिझेल विक्रीच्या पंपावर येते. रॉकेल मिसळलेल्या डिझेलने मात्र पंप खरोखर कोरडा पडतो. म्हणून स्वस्तात कोणी किनाऱ्यावर आणून दिलेले डिझेल घेऊ नका, मच्छीमार संस्थेच्या पंपावरचेच भरा आणि कॅनमधून ओतताना पाणी अडवणारी जाळी असलेले नरसाळे वापरा.

इंजेक्टर परत बसवताना भोकाच्या तळाची जागा कार्बन काढून स्वच्छ करा, नवा वॉशर एकच घाला, क्लॅम्पचे दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा, हवा काढा, आणि पहिले काही तास इंजिन चालल्यावर ऑइलची पट्टी दर सकाळी पाहून आकडा वहीत लिहा. पट्टी स्थिर राहिली तरच लांबच्या फेरीला जा. पुढच्या वर्षी १ जूनला बंदी सुरू होण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून, डेकवरच्या झाकणाचा वॉशर बदलून मगच नौका शाकारा.

राहिला चुलतभावाच्या पिकअपचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ठाम नकारार्थी आहे. कॉमन रेलमध्ये सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून सतत दाबाखालचे डिझेल मिळते; तिथला पाईपनट इंजिन चालू असताना कधीही ढिला करू नका. तिथे चालत्या इंजिनावर दाब १६०० बारच्याही वर जाऊ शकतो आणि ती धार जीवघेणी ठरू शकते. या इंजिनात दोषी इंजेक्टर दोन मार्गांनी शोधतात. स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरला संगणक किती कमी-जास्त डिझेल देतो आहे ते पाहिले जाते. एखाद्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर तो संशयित. दुसरा मार्ग म्हणजे इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्यांना सारख्या बाटल्या लावून ठराविक वेळात कोणत्या बाटलीत जास्त डिझेल येते ते बघणे. आतून झिजलेला इंजेक्टर जास्त परत पाठवतो, त्यामुळे सेल्फ मारताना रेलमध्ये दाब तयार होत नाही आणि गाडी उशिरा चालू होते. त्याआधी ग्लो प्लग आणि डिझेल फिल्टर पाहायला सांगा, ते स्वस्त आहेत. नवा इंजेक्टर बसवला तर त्यावर छापलेला कोड स्कॅनरने संगणकात भरावा लागतो. अनेक गाड्यांत तो भरला नाही तर नव्या इंजेक्टरवरही इंजिन खडखडते. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर बाहेर कुठेही उघडू देऊ नका, आणि मासळीच्या खाऱ्या पाण्याने भिजणाऱ्या त्या गाडीच्या इंजेक्टरांच्या वायरींचे जोड आधी उघडून, हिरवट गंज धरला आहे का ते पाहून घ्या.